एका चित्रपटानंतर शिक्षण सोडावे का?

आदरणीय ताई,
सप्रेम नमस्कार.

बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षात शिकणाऱ्या आपल्या कन्येने गावाजवळ चित्रित झालेल्या एका स्वतंत्र (मोठ्या निर्मितीसंस्थेशिवाय केलेल्या) चित्रपटात प्रमुख भूमिका केली, तो चित्रपट परदेशातील महोत्सवात दाखवला गेला आणि आता तिला शिक्षण सोडून मुंबईला जायचे आहे, असे आपण कळवले आहे. तिला अडवावे की जाऊ द्यावे, हा आपला प्रश्न आहे. तिचे यश खरे आहे आणि घरात त्याला कोणीही 'नशीब' म्हणून उडवून लावू नये, ही माझी पहिली विनंती.

तिची निवड कशामुळे झाली, हे मात्र तिने नीट समजून घ्यायला हवे. मोठ्या निर्मितीसंस्थेचे पाठबळ नसलेल्या दिग्दर्शकाकडे नामवंत कलावंतांसाठी पैसे नसतात आणि तसा आग्रह धरणारेही कोणी नसते. त्यामुळे तो बऱ्याचदा पात्राच्या जगातलीच माणसे शोधतो. दिग्दर्शक जयंत सोमलकर यांनी 'स्थळ' हा चित्रपट चंद्रपूर जिल्ह्यातील डोंगरगावात, तिथल्याच माणसांना सोबत घेऊन केला. 'फँड्री' चित्रपटातील जब्याच्या भूमिकेसाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळवणारा सोमनाथ अवघडे अभिनयाचे शिक्षण न घेतलेला शाळकरी मुलगा होता, तर 'द डिसायपल'मधील शास्त्रीय गायकाची भूमिका आदित्य मोडक या गायकानेच केली. अशा भूमिकांत जगलेले आयुष्य कलावंताच्या मदतीला येते. पुढची भूमिका त्या आयुष्याबाहेरची आली, तर ही मदत मिळत नाही.

हा फरक 'कोर्ट'मध्ये फार स्पष्ट दिसतो. 2014 मध्ये व्हेनिस चित्रपट महोत्सवात गौरवल्या गेलेल्या या चित्रपटात लोकशाहीर नारायण कांबळे यांची भूमिका वीरा साथीदार यांनी केली. ते नागपूरचे, आंबेडकरी चळवळीतले कार्यकर्ते होते आणि चित्रपटानंतरही त्यांची ओळख चळवळीचीच राहिली. सरकारी वकिलाच्या भूमिकेतील गीतांजली कुलकर्णी मात्र राष्ट्रीय नाट्य विद्यालयात शिकलेल्या, रंगभूमीवर मुरलेल्या अभिनेत्री आहेत आणि त्यानंतर त्यांनी अगदी निराळ्या स्वभावाच्या भूमिका केल्या आहेत. पडद्यावर दोघेही सारखेच खरे वाटतात, परंतु अभिनय हा व्यवसाय त्यांच्यापैकी एकाचाच होता. आपल्या मुलीला तो व्यवसाय करायचा असेल, तर तिला अभिनयाच्या शिक्षणाची गरज आहे.

पैशाचा विचारही करावा लागेल. महोत्सवातील गौरवामुळे कलावंताचे आधी ठरलेले मानधन आपोआप वाढत नाही, आणि चित्रपट प्रेक्षकांपर्यंत पोहोचायला बराच काळ जातो. 'स्थळ'ला टोरांटो चित्रपट महोत्सवात 2023 मध्ये नेटपॅक हा आशियाई चित्रपटांसाठीचा पुरस्कार मिळाला, तरी तो आपल्याकडे चित्रपटगृहांत मार्च 2025 मध्ये लागला. एवढा काळ मुंबईत घरभाडे भरत केवळ बोलावण्याची वाट पाहणे कोणाही मुलीला खचवणारे आहे.

म्हणून तिने पदवी पूर्ण करावी, असे माझे स्पष्ट मत आहे, आणि त्यामागे केवळ सुरक्षिततेचा विचार नाही. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमधील दोन वर्षांचा अभिनय अभ्यासक्रम आणि दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयाचा तीन वर्षांचा अभ्यासक्रम, या दोन्हींसाठी पदवी लागते. नाट्य विद्यालय नाटकांत काम केल्याचा अनुभवही मागते. तो अनुभव तिला महाविद्यालयीन एकांकिकांतून आणि राज्य नाट्य स्पर्धेत उतरणाऱ्या जवळच्या शहरातील एखाद्या हौशी संस्थेतून मिळू शकेल. पुणे विद्यापीठाच्या, नाटकाचे शिक्षण देणाऱ्या ललित कला केंद्राचाही तिने जरूर विचार करावा.

दरम्यान सुट्टीत दुसरा चित्रपट मिळाला तर तिने अवश्य करावा. मात्र मानधन, चित्रीकरणाचे दिवस, राहण्याची सोय आणि प्रसिद्धीसाठी प्रवास करावा लागल्यास त्याचा खर्च कोणाकडे, हे सारे करारात लिहून घ्यावे. पहिल्या चित्रपटाच्या दिग्दर्शकांकडे तिने आपल्या दोन-तीन प्रसंगांची चित्रफीत आताच लेखी मागून ठेवावी. चित्रपट प्रदर्शित होईपर्यंत ते ती देणार नाहीत, असेही होईल. पण पुढे ऑडिशनच्या वेळी आधीचे काम दाखवायला सांगितले, तर तिच्याकडे ती असायला हवी.

आपला,
करिअर मार्गदर्शक