कुडीतले पाचच खडे निळे का दिसले?

प्रश्न : सासूबाईंच्या लग्नातल्या, 1958 सालच्या सात-सात हिऱ्यांच्या कुड्या माझ्याकडे आल्या आहेत. मिरजेला पुतण्याच्या हळदीला त्या घातल्या होत्या. डीजेवाल्याने जांभळे दिवे लावले तेव्हा डाव्या कुडीतले तीन आणि उजवीतले दोन खडे निळे पेटल्यासारखे दिसायला लागले, बाकीचे काळपट. धाकट्या जाऊबाई चारचौघांत म्हणाल्या, "कुणीतरी खडे बदललेत." सासूबाई आता नाहीत, विचारायचं कुणाला? निळे दिसलेले खडे खोटे समजायचे का?
— सौ. सु. पा., तासगाव

उत्तर : नाही, ताई. निळे दिसले म्हणून खोटे, हा जाऊबाईंचा हिशेब जवळजवळ उलटा आहे.

त्या जांभळ्या दिव्यांतून अतिनील किरण निघतात. ते आपल्याला दिसत नाहीत. पण काही हिरे ते शोषून घेतात आणि त्या बदल्यात निळा उजेड बाहेर टाकतात. सराफ कट्ट्यावर याला सगळे फ्लोरेसन्सच म्हणतात. त्या रात्री हॉलमधले पांढरे सदरेही भगभगीत दिसले असतील. तिथे हे काम धुण्याच्या पावडरीतलं एक द्रव्य करतं, हिऱ्यात ते नायट्रोजन करतो. हिरा म्हणजे कार्बन, पण बहुतेक नैसर्गिक हिऱ्यांत थोडा नायट्रोजन अडकलेला असतो. जमिनीखाली खोलवरच्या उष्णतेत कोट्यवधी वर्षं राहून त्याचे तीन-तीन अणू एका रिकाम्या जागेभोवती जमतात, आणि निळा उजेड बहुधा तिथूनच येतो. कारखान्यात काही आठवड्यांत वाढवलेल्या हिऱ्यात ही रचना सहसा तयार होत नाही.

आता पाचच का? अमेरिकेतल्या जीआयए या रत्नं तपासणाऱ्या संस्थेच्या पाहणीनुसार दागिन्यांतल्या हिऱ्यांपैकी साधारण 25 ते 35 टक्के हिऱ्यांत कमी-जास्त फ्लोरेसन्स असतो, आणि असलाच तर तो बहुतेक निळाच. तुमच्या चौदा खड्यांत पाच चमकले यात मला काहीच नवल वाटत नाही. जुने कारागीर कुडीचे खडे जुळवायचे ते खिडकीच्या उजेडात, आकार आणि पाणी बघून. पाच-सात सेंटचा खडा अतिनील दिव्याखाली धरून बघायचं कुणाच्या मनातही येत नसे. (100 सेंटचा एक कॅरेट, म्हणजे 200 मिलिग्रॅम. यावरून तो खडा केवढासा ते बघा.) उलट चौदाच्या चौदा अगदी एकसारखे चमकले असते, तर मी भिंग जरा जास्त वेळ धरलं असतं.

सालाचंही बघा. कारखान्यात पहिला हिरा 1953-54 च्या सुमाराला तयार झाला, पण तो यंत्रांच्या कामाचा. दागिन्यात बसवण्याजोगा झाला तो 1970 मध्ये, तोही प्रयोगापुरता. अमेरिकन डायमंड म्हणून विकतात तो झिरकोनिया 1976 नंतरचा, आणि मॉयसनाइट हे हिऱ्यासारखं दिसणारं कृत्रिम रत्न दागिन्यांत आलं ते 1998 च्या सुमाराला. तेव्हा खडे मूळचेच असतील तर यातलं काहीच 1958 च्या कुडीत असू शकत नाही. काच मात्र तेव्हाही होती, आणि दुरुस्तीत एखादा खडा बदललेला असू शकतो. त्याचं उत्तर डीजेचा दिवा देणार नाही, कारण काही काच आणि काही झिरकोनियाही अतिनील दिव्यात चमकतात. जाणकाराला भिंगातून पैलू बघायला सांगा. जुना खडा हाताने पाडलेला असतो, थोडा वाकडा, तळाचं टोक अनेकदा सपाट. मागाहून बसवलेला नवा खडा त्यांच्यात लगेच वेगळा पडतो. सराफाकडचं पेनासारखं यंत्र उष्णता कशी वाहते ते मोजतं. त्याने काच कळते, पण मॉयसनाइट त्यालाही फसवतं. हॉलमार्क सोन्याचा असतो, तो खड्याबद्दल काहीच सांगत नाही.

जाऊबाईंना आणखी एक सांगा. दक्षिण आफ्रिकेत यागर्सफाँटेन नावाची खाण होती, 1971 मध्ये बंद झाली. तिथले पांढरेशुभ्र, निळी झाक मारणारे हिरे एके काळी मुद्दाम मागून घेत. दक्षिणेकडे सात खड्यांच्या कुड्यांसाठी याच खाणीच्या नावावरून पडलेला 'ब्लू जागर' आजही मागतात. तुमचे तिथलेच आहेत असं मी म्हणत नाही, पण निळेपणाला तेव्हा कुणी नावं ठेवत नव्हतं.

एकच गोष्ट खरोखर तपासा. फार तीव्र फ्लोरेसन्स असलेले थोडेच हिरे उन्हात दुधाळ, धुरकट दिसतात. दुपारी गच्चीवर जाऊन बघा, पण त्याआधी कुड्या धुवा. कुडीच्या मागे केसांचं तेल बसतं आणि हिरा त्यानेच जास्त मरतो. कोमट पाणी, सौम्य साबण, मऊ ब्रश एवढं पुरे. मात्र मागची बाजू बंद असेल तर पाणी लावू नका. आत डांक, म्हणजे खड्यामागे लावलेला चकचकीत पत्रा, असेल तर तो काळा पडेल.

प्रश्न : मुलाच्या साखरपुड्यासाठी 30 सेंटच्या खड्याची अंगठी बघितली आहे. खड्याचा रंग 'जे', फ्लोरेसन्स 'मीडियम ब्लू'. दुकानदार त्यापायी भाव कमी करतो म्हणतो. घ्यावी का?
— एक वाचक, सातारा

उत्तर : खुशाल घ्या. 'जे' रंगात किंचित पिवळी झाक असते, ती निळ्या उजेडाने उन्हात थोडी झाकली जाते. जीआयएने 1997 मध्ये केलेल्या चाचणीत सर्वसाधारण माणसांना फ्लोरेसन्स असलेल्या आणि नसलेल्या हिऱ्यांत समोरून बघताना फरक ओळखता आला नव्हता. भाव पडतो तो मुख्यतः 'डी', 'ई', 'एफ' अशा वरच्या, म्हणजे बिनरंगी प्रतींत. मोती चौकातल्या दुकानातले दिवे सगळंच छान दाखवतात, म्हणून अंगठी पायरीवर, उन्हात आणून बघा. आणि कमी केलेला भाव बिलात हिऱ्याच्या ओळीत दिसू दे. तिथे कमी करून घडणावळीत वाढवला नाही ना, तेवढं बघा.