एकच हॉस्पिटल, दोन बातम्या

प्रश्न: नमस्कार ताई, मी अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात आहे. दुपारी डबा खाताना गाझावरून रोज वाद, एकजण टीव्हीवरचं सांगतो, दुसरा मोबाईलवर व्हिडिओ दाखवतो, दोघं म्हणतात तुझं खोटं हाय. परवापासून एकमेकांशी बोलेनात. खरं कुणाचं धरायचं ओ?
(एक वाचक, सोलापूर)

उत्तर: भाऊ, १७ ऑक्टोबर २०२३ ला गाझातल्या अल-अहली हॉस्पिटलमध्ये स्फोट झाला आणि थोड्याच वेळात जगभर फिरलं की इस्रायलच्या हल्ल्यात शेकडो ठार. हे सांगत होतं हमासच्या, म्हणजे गाझावर सत्ता असलेल्या संघटनेच्या, हाताखालचं आरोग्य खातं. इस्रायल म्हणालं रॉकेट इस्लामिक जिहाद नावाच्या दुसऱ्या पॅलेस्टिनी संघटनेचं होतं. असाच मथळा देणाऱ्या न्यूयॉर्क टाइम्सनं तो नंतर बदलला, सहा दिवसांनी कबूलही केलं की हमासच्या दाव्यावर आम्ही जास्तच विसंबलो. पण तोवर पहिला मथळा घरोघरी पोचला होता ना.

आता दुसरी बाजू बघा. जानेवारी २०२४ मध्ये गाझात पाच-सहा वर्षांची एक मुलगी घरच्यांच्या मृतदेहांमध्ये गाडीत अडकून फोनवर मदत मागत होती. बारा दिवसांनी ती सापडली, तिला आणायला निघालेली अँब्युलन्सही जळालेली सापडली, आतले दोघं गेलेले. बीबीसीचा मथळा काय, तर 'मृतावस्थेत आढळली'. अहो, हे आपण विहिरीत सापडलेल्या माणसाबद्दल लिहितो! गोळ्या कुणी घातल्या हा प्रश्नच त्या मथळ्यात नाही, आणि मला हे फार लागलं.

शब्दाचा खेळ आपल्याला नवा नाही. १९३० चा मार्शल लॉ आठवा, सरकारच्या लेखी सोलापुरात दंगल झाली, आणि १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात फासावर गेलेले चौघं कोर्टाच्या कागदात खुनी, आपल्या चौकात हुतात्मा.

त्यात परदेशी पत्रकारांना इस्रायल गाझात मोकळं फिरू देत नव्हतं, नेलं तर सैन्याबरोबर. म्हणजे आतलं सगळं तिथल्याच पत्रकारांनी दाखवलं, आणि त्यातले शंभरावर मारले गेले. व्हिडिओचं म्हणाल तर सीरियातले जुने व्हिडिओही गाझाचे म्हणून फिरलेत, तारीख बघितल्याशिवाय पुढं पाठवू नका.

बातमी कुठून सुरू होते तेही बघत जा. कुणी ७ ऑक्टोबर २०२३ ला इस्रायलमध्ये हमासनं मारलेली सुमारे १२०० माणसं आणि ओलीस गाळून टाकतं, कुणी त्याआधीची गाझाची सोळा वर्षांची नाकेबंदी गाळतं.

उद्या डबा उघडला की दोघांपुढं एकच बातमी ठेवा आणि विचारा, मारणाऱ्याचं नाव यात कुठाय, आणि हे सांगतंय कोण? बोलायला लागतील बघा.