एचडीएफ५ फाइलमधलं पावसाचं टेबल पायथनमध्ये नीट का वाचता येत नाही?

तुमच्या तीन तक्रारी आहेत: अमरावती जिल्ह्याच्या पावसाची एचडीएफ५ फाइल (मोठा डेटा साठवायचा एक फाइल-प्रकार) पायथनच्या पांडाज लायब्ररीतल्या रीड-एचडीएफनं उघडत नाही, तालुक्यांची नावं ‘बी’ लागून बाइट्समध्ये येतात, आणि डिकोड केल्यावर (बाइट्सची अक्षरं केल्यावर) ‘चांदूर’च्या रोज दोन-दोन ओळी दिसतात. तिसरी खरी गंभीर आहे.

पहिलीचं उत्तर सोपं. रीड-एचडीएफला पांडाजनं किंवा पायटेबल्स लायब्ररीनं लिहिलेलं टेबल लागतं. एचडीएफ५ मात्र कोणतंही सॉफ्टवेअर लिहू शकतं. एचफाइव्हपाय या लायब्ररीनं फाइल फक्त वाचायच्या मोडमध्ये उघडा आणि व्हिजिट-आयटम्स चालवून आतले सगळे ग्रुप आणि डेटासेट छापून घ्या, फोल्डरात फोल्डर असतात तसेच दिसतील. हवा तो डेटासेट पूर्ण पाथ देऊन उचला. तो कंपाउंड प्रकारचा (एका ओळीत वेगवेगळ्या प्रकारचे कॉलम) असेल तर नमपाय लायब्ररीचा स्ट्रक्चर्ड अ‍ॅरे मिळतो, तो थेट डेटाफ्रेममध्ये टाकता येतो. लॅपटॉपला रॅम कमी असेल तर अख्खा डेटासेट ओढू नका, स्लाइस देऊन लागतील तेवढ्याच ओळी घ्या.

दुसरी तुम्ही डिकोड करून सोडवलीच आहे. आता तिसरी, चांदूर. डेटासेटचा डीटाइप (कॉलमांचा डेटा-प्रकार) छापा. नावाच्या कॉलमपुढे ‘एस२०’ दिसेल, असा माझा अंदाज आहे. म्हणजे नावाला २० बाइट्स, २० अक्षरं नव्हे. यूटीएफ-८ मध्ये (अक्षरं बाइट्समध्ये लिहायच्या पद्धतीत) देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट्स खातं. काना, मात्रा, अनुस्वार सगळे वेगळे मोजायचे. ‘चांदूर’ची ६ चिन्हं, म्हणजे १८ बाइट्स. मधली मोकळी जागा धरून १९. विसावा बाइट पुढच्या अक्षराचा पहिला तुकडा, आणि ‘रेल्वे’चा ‘र’ काय की ‘बाजार’चा ‘ब’ काय, दोघांचा पहिला बाइट एकच! चांदूर रेल्वे आणि चांदूर बाजार, दोन्ही तालुके लिहितानाच एक झाले. नमपाय असं नाव छाटताना चकार शब्द काढत नाही. तुम्ही डिकोड करताना चुका दुर्लक्षित करा असं सांगितलं असेल, तर तो तुटका बाइटही गुपचूप गळाला. तो पर्याय काढून पाहा, एरर येईल आणि ती यायलाच हवी.

छाटलेलं नाव कोणत्याही लायब्ररीनं परत येणार नाही. तालुक्याचा कोड किंवा केंद्राचे अक्षांश-रेखांश असा दुसरा कॉलम शोधा, त्यावरूनच ओळी वेगळ्या करा. नसेल तर फाइल देणाऱ्याकडून मूळ यादी मागा. तोवर चांदूरची बेरीज-सरासरी काढू नका जी, दोन तालुक्यांचा पाऊस एकाच्या नावावर चढेल.

आणखी एक. पांडाजचा एचडीएफ-स्टोअर वापरलात तर मोड स्वतः ‘आर’ (फक्त वाचायचा) द्या, नाहीतर तो लिहायच्या तयारीनं उघडतो. आपल्याकडे लाइन कधी जाईल सांगता येत नाही, आणि लिहिताना मशीन बंद पडलं तर फाइल पुन्हा न उघडण्याची शक्यता असते.