कवितेचं गाणं करताय? आधी मात्रा मोजा

तुम्ही लिहिलंय की आईच्या साठाव्या वाढदिवसासाठी सोळा ओळींची कविता केलीत, ती सुनो या एआयने गाणी बनवणाऱ्या ॲपमध्ये टाकली आणि वर्णनाच्या, म्हणजे ‘स्टाईल’च्या, रकान्यात ‘भावपूर्ण मराठी गाणं’ एवढंच दिलं. वीसेक वेळा करून पाहिलं, तरी शब्द मध्येच तुटतात, उच्चार हिंदी वाटतात आणि दुसऱ्या कडव्यापासून चाल भरकटते. पैशांचा प्लॅन घेतला तर सुधारेल का, असं विचारलंय.

प्लॅन आत्ता घेऊ नका. अडचण तुमच्या ओळींच्या लांबीत आहे आणि ती कुठल्याही प्लॅनने सुटणार नाही. मीसुद्धा सुरुवातीला स्टाईलच्या रकान्यातले शब्द बदलत महिनाभर घालवला होता. त्या काळातलं एकही गाणं आज ऐकवावंसं वाटत नाही.

तुमच्या पहिल्या दोन ओळी घ्या: ‘तुझ्या अथक परिश्रमांमुळेच आज मी इथे उभा आहे’ आणि ‘तूच माझं जग’. ऱ्हस्व अक्षराची एक, दीर्घाची दोन, आणि पुढच्या जोडाक्षराचा आघात येत असेल तर ऱ्हस्वाच्याही दोन, असं धरून मोजा. पहिली ओळ ३१ मात्रांची होते, दुसरी ९. आता एआयला दोन्ही ओळी सारख्याच ठेक्यात बसवायच्या आहेत. मग पहिली तो घाईघाईने बडबडतो आणि दुसरी ताणत बसतो. ‘परिश्रमांमुळेच’ तर चालता चालता म्हणून बघा, पाऊल कुठे टाकायचं तेच कळत नाही.

तीच भावना अशी लिहिली तर?

हात तुझा मी धरून आलो
वाट नवी मग शोधत गेलो

आठ आणि आठ मात्रा, पुन्हा आठ आणि आठ. मांडीवर ताल धरून म्हणा, कुठेही अडखळत नाही. कविता म्हणून तुमची ओळ कदाचित जास्त थेट असेल, पण गाताना लहान शब्द आणि मोकळे स्वर लागतात. ‘आलो’, ‘गेलो’ यांच्या शेवटी स्वर लांबवता येतो. ‘जग’च्या शेवटी आवाज बंद होतो. म्हणून जिथे सूर धरायचा तिथे आ, ए, ओ येतील असं बघा. आणि सोळा सलग ओळींऐवजी दोन ओळींचं ध्रुवपद आणि चार-चार ओळींची दोन किंवा तीन कडवी करा. सगळ्या कडव्यांचा साचा एकच ठेवलात तर दुसऱ्या कडव्यात चाल भरकटायचं प्रमाण खूप कमी होतं. प्रत्येक भागाच्या वर चौकोनी कंसात, इंग्रजी लिपीत, व्हर्स (कडवं) किंवा कोरस (ध्रुवपद) लिहा. सूचना गोल कंसात लिहू नका; तो मजकूर मागून साथ देणाऱ्या आवाजांत चक्क गायला जातो.

आता उच्चार. इथे मन लावून वेळ द्या, कारण आईला पहिल्यांदा खटकेल ते हेच. देवनागरी दिसली की एआय बऱ्याचदा हिंदी वळणाने वाचतो. त्यामुळे गाण्याच्या दोन प्रती ठेवा: एक शुद्ध, आपल्यासाठी, दुसरी फक्त त्याला वाचायला. दुसऱ्या प्रतीत कानाला ऐकू येतं तसं लिहायचं. ‘ज्ञान’चं तो ‘ग्यान’ करतो, तिथे ‘द्न्यान’ लिहा. ‘कृपा’ला ‘क्रुपा’, ‘मैत्री’ला ‘मइत्री’. ‘जगणे’ मधला ज आणि ‘जीवन’ मधला ज आपण वेगळे म्हणतो, तर पहिल्याला खाली नुक्ता (टिंब) द्या: ‘ज़गणे’. ‘चांगला’साठी ‘त्सांगला’ करून बघा, कधी जमतं, कधी फारच टोकाचं येतं. ‘ळ’वर मात्र मला अजून खात्रीचा उपाय मिळालेला नाही. मी तो लांब सुरावर येणार नाही अशा जागी सरकवतो, किंवा शब्दच बदलतो. आकडे अक्षरांत लिहा.

स्टाईलच्या रकान्यात चार-पाच गोष्टी पुरतात आणि त्या इंग्रजीत दिलेल्या बऱ्या: संथ लय, साधारण ७० बीपीएम (मिनिटाला ठोके), स्त्रीचा आवाज, गिटार आणि बासरी, मायेचा भाव. बीपीएम काटेकोर पाळला जाईल अशी अपेक्षा धरू नका. कुठल्या गायकाचं नाव घालू नका. सुनो ते स्वीकारत नाही, आणि दुसऱ्याचा आवाज उचलणं मुळात योग्यही नाही.

मग ऐकायची शिस्त. एका वेळी दोन गाणी येतात आणि १० क्रेडिट जातात; मोफत खात्यात रोज ५० मिळतात, म्हणजे दिवसाला पाच प्रयत्न. दोन्ही गाणी हेडफोन लावून शेवटपर्यंत ऐका. पहिलं कडवं छान येतं आणि पुढे आवाजाला धातूसारखी खरखर चढते, हे नेहमीचं आहे. पुढच्या वेळी एकच गोष्ट बदला: एक तर शब्द, नाहीतर लय, नाहीतर वाद्यं. काय बदललं ते वहीत टिपून ठेवा. ध्रुवपद मनासारखं आलं की नवीन गाणं बनवत बसू नका; जिथून बिघडलं त्याच्या थोडं आधीपासून ‘एक्स्टेंड’ने पुढचा भाग पुन्हा करून घ्या.

यूट्यूबवर टाकायचंय असंही म्हणालात. मोफत खात्यातलं गाणं कमाईसाठी वापरता येत नाही, आणि नंतर पैसे भरले तरी आधीच्या गाण्याला ती परवानगी आपोआप मिळत नाही. घरी ऐकवायचं असेल तर हा प्रश्नच नाही. तुम्ही लिहिलेले शब्द तुमचेच राहतात. नुसत्या सूचना देऊन तयार झालेल्या संगीताचं मात्र वेगळं आहे: अमेरिकेच्या कॉपीराइट कार्यालयाने जानेवारी २०२५ च्या अहवालात म्हटलंय की फक्त प्रॉम्प्ट लिहिल्याने कोणी त्या निर्मितीचा लेखक ठरत नाही. शिवाय मोठ्या रेकॉर्ड कंपन्यांनी जून २०२४ मध्ये सुनो आणि तसंच दुसरं ॲप युडिओ, या दोघांवर खटले भरले, त्यातल्या काहींशी २०२५ मध्ये तडजोडी झाल्या, आणि त्यासोबत अटीही बदलत गेल्या. म्हणून गाणं बनवाल त्या दिवशीच्या अटी वाचा.

आणि एक करून पाहाच. नवीन ओळी तयार झाल्या की फोनवर त्या स्वतः गुणगुणून रेकॉर्ड करा, सूर हलला तरी चालेल, आणि ती फाईल अपलोड करून तिच्यावर गाणं बनवायला सांगा. बरीचशी चाल तुमची येते. आई तुम्हाला झोपवताना काही गुणगुणत असेल आणि त्याची लय अजून डोक्यात असेल, तर त्याच लयीत या आठ-आठ मात्रा म्हणून बघा.