जपानी काबुकी नाटकांतल्या नटांच्या जुन्या चित्रांत चेहरे इतके वेडेवाकडे का असतात?

तुम्ही वर्णन केलेलं चित्र (फाकलेले पंजे, खाली ओढलेले ओठ, आत वळलेली बुबुळं) बहुधा शाराकू या चित्रकाराचं आहे. नट तिसरा ओतानी ओनिजी, भूमिका पैसे लुटायला निघालेल्या एदोबेई या नोकराची, साल १७९४.

अर्धं उत्तर रंगमंचावरच आहे. काबुकीत प्रसंग ऐन रंगात आला की नट मान झटकून एकदम थिजतो, डोळे वटारतो, कधी मुद्दाम तिरळे करतो. त्याच वेळी कडेला बसलेला माणूस लाकडी ठोकळे फळीवर आपटतो. याला 'मिए' म्हणतात. प्रेक्षक ज्या क्षणासाठी येत, तोच चित्रात हवा असे.

पण तेवढ्यानं भागत नाही. त्याच वर्षी तोयोकुनी हा दुसरा चित्रकारही नटांची चित्रं काढत होता आणि त्याचे नट चांगले रुबाबदार दिसतात. शाराकूनं भूमिकेबरोबर ती करणारा माणूसही दाखवला. १६२९ मध्ये बायकांना काबुकीत बंदी झाली, तेव्हापासून स्त्रीपार्ट पुरुषच करत. इतर चित्रकार ते झाकून सुंदर बाई काढत. शाराकूनं काढलेला स्त्रीपार्टी नट सेगावा तोमिसाबुरो बघा: केशरचना, किमोनो सगळं बाईचं, आणि जबडा सरळसरळ बाप्याचा!

आता ही चित्रं विकत घेणार कोण, तर त्या नटाचे चाहते. वाडगाभर सोबा शेवयांच्या आसपासच्या पैशांत लाडक्या नटाचं चित्र मिळायचं. त्यात त्याच्या सुरकुत्या कोणाला हव्या असतील? त्या काळच्या ओता नाम्पो या लेखकानं लिहून ठेवलंय की शाराकू खरेपणाच्या फार मागे लागला, म्हणून टिकला नाही. जेमतेम दहा महिन्यांत सुमारे १४० चित्रं काढून तो गायब झाला. तो आवा प्रांताच्या सरदाराकडचा 'नो' या जुन्या जपानी नाट्यप्रकारातला नट साइतो जुरोबेई असावा, असं आज बरेच अभ्यासक मानतात.

ही चित्रं लाकडी ठशांनी छापलेली असत. मी हौसेनं थोडं वुडकट, म्हणजे असंच लाकूड कोरून छापायचं काम केलंय, म्हणून मला यातली कारागिरी जास्त खुणावते. चित्रकार फक्त शाईनं रेषा काढून देई. तो कागद चेरीच्या फळीवर पालथा चिकटवून कोरणारा त्यावरूनच कोरत जाई, म्हणजे मूळ चित्र तिथेच संपलं. मग प्रत्येक रंगाला बहुधा वेगळा ठसा, आणि कागद ठशावर ठेवून मागून बारेन नावाच्या चकतीनं हातानं घासायचं. कपाळावरच्या केसांच्या त्या बारीक रेषा! मी एकदा प्रयत्न केला, चौथ्या केसालाच लाकूड तुटलं.

शाराकूच्या पहिल्या २८ चित्रांची गडद पार्श्वभूमी अभ्रकाच्या पुडीची आहे. प्रकाशक त्सुताया जुझाबुरो, नवख्या माणसावर त्यानं एवढा खर्च केला हेच नवल. मोबाइलवर ती नुसती करडी दिसते. खरी प्रत जरा तिरकी धरली की चकाकते, जणू नटाच्या मागे दिवे लागलेत. नंतरच्या चित्रांत अभ्रक गेलं, चेहरेही ढिले पडले. मला ती फारशी आवडत नाहीत.

आणि नट ओळखायचा असेल तर आधी कपड्यावरचं चिन्ह शोधा. एकात एक तीन चौकोन दिसले की तो इचिकावा दांजुरोच्या घराण्यातला.