माणसांमधला संवाद नेमका चालतो कसा, अन् तो एवढा महत्त्वाचा काऊन?

पुस्तकी उत्तर सोपं आहे भाऊ. क्लॉड शॅनन या अमेरिकन इंजिनिअरनं १९४८ मध्ये मांडलं: सांगणारा, निरोप, माध्यम, मधातला गोंगाट अन् ऐकणारा. पण तो टेलिफोनसारख्या यंत्रांचा हिशेब होता, माणसाचं असं की अर्थ ऐकणाऱ्याच्या डोक्यात तयार होते अन् तिथंच घोळ.

आपल्या इकडचंच घ्या ना, कृषी केंद्रवाला फवारणीचं औषध देताना म्हणते "पंपाले दोन झाकणं टाक", त्याच्या डोक्यात पाठीवरचा हातपंप, ऐकणाऱ्याच्या घरी पेट्रोलचा, दोन्हीले पाणी वेगळं लागते म्हणून प्रमाणही वेगळं, अन् झाकण तरी कोणत्या बाटलीचं? दोघंही मराठीच बोलले, मानही हलवली. कमी पडलं तर अळी मरत नाही, जास्त झालं तर पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, जळते. "सांग बरं, किती टाकशील?" एवढं उलटून विचारलं की चूक दुकानातच सापडते, यालेच फीडबॅक म्हणतात, माझ्या मते बाकी सगळं दुय्यम.

अन् ते व्हॉट्सॲपवर फिरते ना, ९३ टक्के संवाद शब्दांशिवाय होते म्हणून, ते अर्धवट आहे. हा आकडा ज्यातून आला ते मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट मेहराबियनचे १९६७ चे प्रयोग भावना ओळखण्यापुरते होते. चेहरा पाहून औषधाचं प्रमाण थोडीच समजते!