गाण्याच्या वैयक्तिक शिकवणीची फी किती असावी?

तुमच्या प्रश्नात मुख्य तीन प्रश्न आहेत. विशारद ही गाण्याची वरची परीक्षा झाल्यावर पुण्यात घरच्या घरी एकेकाला गाणं शिकवायचं तर महिन्याला किती घ्यावेत? यूट्यूबवर सगळं फुकट असताना लोक पैसे का देतील? आणि 'विद्येचे पैसे मागू नयेत' असं घरची मोठी माणसं म्हणतात, त्यांना काय सांगायचं? मी बरीच वर्षं ख्याल आणि सुगम दोन्ही शिकवते आहे, बॅचेसही घेतल्या आहेत आणि एकेकाला समोर बसवूनही शिकवलं आहे. त्यामुळे आकडाच आधी सांगते. आठवड्यातून एकदा ४५ मिनिटं, एका वेळचे ५०० रुपये, म्हणजे महिन्याचे २,०००. नव्याने सुरुवात करत असलात तरी याच्या खाली येऊ नका.

आता हे २,००० कशाचे, ते तुमचं तुम्हाला पक्कं ठाऊक हवं. नाहीतर पहिल्याच पालकाने 'समोरच्या क्लासमध्ये हजारात होतं की' म्हटलं की तुम्ही गडबडाल.

माझ्याकडे तेरा वर्षांचा एक मुलगा आला होता. आधी बॅचमध्ये शिकत होता, प्रवेशिकेपर्यंतच्या, म्हणजे सुरुवातीच्या परीक्षा झालेल्या, आणि घरच्यांच्या मते त्याचं 'गाणं बिघडलं' होतं. पंचमाच्या वर गेला की आवाज चिरका व्हायचा, मग तो मान वर करून, गळा आवळून तार सा, म्हणजे वरचा सा गाठायला बघायचा. बिघडलं काहीच नव्हतं, आवाज फुटायचं वय होतं. बॅचमध्ये सगळ्या मुलींबरोबर तो काळी चारमध्ये, म्हणजे उंच पट्टीत गात होता, कारण दहा मुलांच्या बॅचला पट्टी, म्हणजे सा कुठे धरायचा ते, एकच असते आणि एकासाठी ती बदलता येत नाही. मी त्याला खाली आणलं. आज पेटीची पांढरी दोन, पुढच्या आठवड्यात अजून एक स्वर खाली, जसा त्या दिवशी गळा असेल तसं. तार सप्तक पूर्ण बंद. सा लावून खाली मंद्र पंचमापर्यंत, म्हणजे खालच्या सप्तकातल्या प पर्यंत, सावकाश जायचं, आणि उरलेल्या वेळात हाताने टाळी-खाली देत तीनताल, एकताल, झपताल म्हणायचे. त्या काळात तो नवीन बंदिश जवळजवळ शिकलाच नाही. पण लय इतकी पक्की झाली की आवाज स्थिरावल्यावर विलंबित, म्हणजे संथ एकतालात समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर यायला त्याला मोजावं लागत नव्हतं. अशा वेळी जोर लावून गायला लावलं असतं तर त्याच्या गळ्याला कायमची वाईट सवय लागली असती. आणि बरीच मुलं याच वयात, 'आता जमत नाही' म्हणून गाणं सोडतात.

वैयक्तिक शिकवणीचं मोल हे आहे. राग सांगणं, बंदिश लिहून देणं, पलटे, म्हणजे स्वरांचे सराव घोकून घेणं ही कामं बॅचमध्ये उत्तम होतात. चांगली बॅच लहान मुलांना एकमेकांच्या सोबतीने धीट करते, आणि सात-आठ वर्षांच्या मुलाला मी स्वतः आधी बॅचच सुचवते. पण या गळ्याला आज काय हवं आहे, हे समोर बसून ऐकणाऱ्या कानालाच कळतं. तुम्ही फी घेता ती त्या ऐकण्याची.

यूट्यूबचं उत्तरही यातच आहे. तिथे भूप राग शिकवणारे शेकडो व्हिडिओ आहेत, काही फारच चांगले आहेत, मीच शिष्यांना ते ऐकायला सांगते. मोठ्या कलाकारांची जुनी ध्वनिमुद्रणं आज घरबसल्या मिळतात, हे आपल्या पिढीचं भाग्य. पण भूप गाताना तुमची विद्यार्थिनी धैवतावर पुनःपुन्हा थांबायला लागली आणि तिच्या नकळत देसकार हा दुसरा राग डोकवायला लागला, तर व्हिडिओ तिला थांबवणार नाही. स्वर दोन्हीकडे तेच पाच. फरक आहे तो कुठे थांबायचं, कशावर भर द्यायचा याचा, आणि तो फरक ती गात असतानाच, त्याच क्षणी दाखवावा लागतो.

हिशेबाकडे येते, कारण नवे शिक्षक इथेच फसतात. शाळेतून मुलं घरी येतात पाचला. पाच ते साडेआठ यात ४५ मिनिटांच्या चार शिकवण्या बसतात. पाच दिवसांच्या वीस. शनिवार-रविवार सकाळी प्रत्येकी चार धरल्या तर अठ्ठावीस. ही कमाल झाली, इतक्या कधी भरत नाहीत. वीस विद्यार्थी टिकले तर तुमचं उत्तम चाललं आहे असं समजा. २,००० प्रमाणे महिन्याचे ४०,००० होतात. पण मे महिन्यात निम्मी मुलं गावाला, दिवाळीत सुट्टी, मार्चमध्ये शाळेच्या परीक्षा. वर्षाचे दहाच महिने धरा. ४ लाख. म्हणजे महिन्याला ३३,००० च्या आसपास, आणि त्यात ना पीएफ, ना आजारपणाची रजा. घसा बसला की उत्पन्नही बसलं. यातूनच पेटीची दुरुस्ती, तंबोऱ्याच्या तारा, महिन्यातून एकदा तबलजींना बोलवायचं त्यांचे पैसे, आणि तुमच्या स्वतःच्या गुरूंची फी. ती बंद करू नका. शिकवायला लागल्यावर शिकणं सुटलं की दोन-तीन वर्षांत तुमच्याकडे देण्यासारखं नवीन काही उरत नाही.

हाच हिशेब एका वेळच्या ३०० रुपयांनी करून बघा. वर्षाचे २,४०,०००, महिन्याला २०,०००. तेवढ्यात भागत नाही म्हणून माणूस दुपारच्या शिकवण्या घ्यायला लागतो, मग घरोघरी जायला लागतो, आणि दिवसभर बोलून-गाऊन संध्याकाळी स्वतःचा गळा उरत नाही. सकाळचा रियाज जातो तो असाच. कमी फी ठेवून तुम्ही विद्यार्थ्याचं भलं करत नाही, त्याला दमलेला शिक्षक देता.

आजूबाजूला दर काय चालतात हेही विचारलं आहे. मला दिसतात ते असे: बॅचचे महिन्याला ८०० ते १,५००, एकट्याच्या शिकवणीचे तासाला ४०० ते १,०००, नावाजलेल्या मैफली कलाकारांचे याच्या दुप्पट-तिप्पट आणि पुढे. परदेशातल्या मराठी मुलांना ऑनलाइन शिकवणारे तासाला १,५०० ते २,५०० घेतात, पण त्यासाठी पहाटे किंवा रात्री उशिरा बसावं लागतं. शिवाय आवाज उशिरा पोचत असल्याने ठेक्याबरोबर एकत्र गाता येत नाही. विद्यार्थ्याच्या घरी जाऊन शिकवणार असाल तर जाण्या-येण्याचा वेळ फीमध्ये धराच. कोथरूडहून हडपसरला जाण्यात संध्याकाळच्या दोन शिकवण्या जातात.

आता 'विद्येचे पैसे'. घरच्यांना मान देऊनच सांगा, पण सांगा. जुन्या काळी गुरू रोख फी मागत नसत तेव्हा त्यांना दरबारचं वेतन असे, आणि शिष्य घरी राहून पाणी भरी, पडेल ते काम करी. थोर गायक विष्णु दिगंबर पलुस्करांना मिरजेत गुरू बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांची तालीम मिळाली ती संस्थानच्या आश्रयाने. गायिका केसरबाई केरकर अल्लादियाखाँसाहेबांच्या गंडाबंध शागीर्द, म्हणजे धागा बांधून रीतसर शिष्या झाल्या, तेव्हाही पैशाच्या आणि तालमीच्या अटी आधी ठरल्या होत्या. पलुस्करांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं ते राजाच्या नव्हे, लोकांच्या पैशावर. देणग्या, जलशांची, म्हणजे मैफलींची तिकिटं, फी. त्यामुळे तर सर्वसामान्य घरातल्या मुलामुलींना गाण्याचं दार उघडलं. तेच पलुस्कर विद्यालयाच्या मुंबईच्या इमारतीच्या कर्जात इतके अडकले की ती वास्तू हातची गेली. इतक्या थोर माणसालाही विद्यादानाचा खर्च चुकला नाही. आज दरबार नाही, आपल्या घरी राहून कोणी पाणीही भरत नाही. मग उरते फी.

ज्याला खरंच परवडत नाही आणि ज्याच्या गळ्यात काही आहे, असं एखादं मूल मात्र पूर्ण मोफत शिकवा. मी नेहमी अशी एक जागा ठेवते. अर्धी फी ठेवू नका, ती दर महिन्याला त्या घराला लाजवते. मूल दहा ते चौदा वर्षांचं असेल तर केंद्र सरकारच्या सीसीआरटी या सांस्कृतिक संस्थेची शिष्यवृत्ती असते, तिच्यासाठी पालकांना अर्ज करायला लावा.

व्यवहाराचं थोडक्यात. फी महिन्याची घ्या, तासाची नको, आणि आगाऊ घ्या. तासाप्रमाणे घेतली की पाऊस, पाहुणे, प्रोजेक्ट, प्रत्येक कारणाने शिकवणी रद्द होते, आणि सलग दोन आठवडे खाडा झाला की सूर पुन्हा पहिल्यापासून लावून घ्यावा लागतो. तुम्ही सुट्टी घेतलीत तर ती शिकवणी भरून द्या, विद्यार्थ्याने दांडी मारली तर नाही. प्रवेशिका, विशारद अशा परीक्षा घेणाऱ्या गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षेची फी वेगळी, ती जेवढ्यास तेवढी पालकांनी भरायची. 'दरवर्षी एक परीक्षा' असं वचन कोणालाही देऊ नका. या परीक्षांमुळे दहावीला सवलतीचे गुण मिळतात म्हणून घाई करणारे पालक येतील, त्यांना पहिल्याच भेटीत सांगा की मूल तयार झालं की बसवेन. वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेपर्यंत जीएसटीची नोंदणी लागत नाही, पण पावती द्यायची सवय ठेवा.

पहिली शिकवणी फुकट ठेवू का, असंही विचारलं आहे. नको. त्या दिवशी तुम्ही मुलाची पट्टी शोधता, कान तपासता, तो स्वर धरू शकतो की नाही ते बघता. ते सगळ्यात कौशल्याचं काम आहे. ५०० घ्या आणि तासभर द्या, घड्याळ बघू नका. शेवटी आई-बाबांना समोर बसवून सांगा की आवाज कोणत्या पट्टीचा आहे, पहिले सहा महिने काय करणार आणि घरी रोज किती वेळ बसावं लागेल. इतकं ऐकल्यावर जे येतात ते फीबद्दल सहसा पुन्हा बोलत नाहीत. जूनमध्ये सुरू करा, आणि दर दोन वर्षांनी जूनमध्येच वाढवा. वाढ किती आणि कधीपासून, ते एप्रिलमध्येच लेखी कळवा.